आवाज बदलताना मूळ जपा

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी मागे टाकली की चाकणच्या अलीकडे कुरुळी लागते. शेतीवर जगणाऱ्या या गावाभोवती आता कारखाने, गोदामे आणि कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. गावातल्या एखाद्या जुन्या कपाटात आजीच्या ओव्यांची कॅसेट पडून असेल. एखाद्या खोलीत मराठवाड्यातून आलेल्या तरुणाच्या जुन्या फोनमध्ये गेलेल्या वडिलांचे दोन मिनिटांचे बोलणे असेल. कॅसेट वाजवायला यंत्र उरलेले नाही आणि फोनमधली फाइल नव्या फोनवर उघडत नाही. मग घाईघाईने फाइलचा प्रकार बदलला जातो, मूळ पुसले जाते आणि नुकसान नेमके तिथेच होते.

ते का, हे समजायला थोडे कानाचे विज्ञान हवे. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते, म्हणून एका मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. एमपी-३ मध्ये १२८ केबीपीएसला तेच काम एका एमबीत होते. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. एमपी-३ असे न जाणवणारे तपशील काढून टाकते. युक्ती उत्तम आहे, पण काढलेले परत येत नाही. एमपी-३ पुन्हा एमपी-३ केली की आणखी काही गळते. ती वेव्हमध्ये बदलली तर फाइल फुगते, आवाज सुधारत नाही.

जुन्या फोनमधल्या एएमआर फाइलमध्ये तर सेकंदाला ८,००० च नोंदी असतात. त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच त्यात नसते. 'स', 'श' यांसारख्या वर्णांची बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असल्याने ते वर्ण आधीच पुसट झालेले असतात. अशा फाइलमधून आणखी काही कमी होऊ देणे परवडणारे नाही.

यावर उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. ऑडॅसिटी, व्हीएलसी आणि एफएफएमपेग ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. मुक्त म्हणजे नुसते फुकट नव्हे. त्यांची संहिता कोणालाही तपासता येते, सुधारता येते. शिवाय ती आपल्याच संगणकावर चालतात. अनोळखी संकेतस्थळावर फाइल चढवली की घरातले खासगी बोलणे परक्याच्या यंत्रावर जाते आणि तिथे त्याचे पुढे काय होते, हे आपल्याला कळत नाही. वडिलांचा आवाज असा कुठेही सोपवू नये.

कॅसेट असेल तर टेपरेकॉर्डरचे हेडफोनचे छिद्र संगणकाच्या ध्वनी-प्रवेशाला तारेने जोडावे आणि ऑडॅसिटीत मुद्रण करावे. ते फ्लॅक प्रकारात ठेवावे. त्यात आवाजातले काहीही न गमावता फाइल साधारण निम्मी होते. नातेवाइकांना पाठवायला त्यावरून वेगळी एमपी-३ प्रत काढावी. फोनमधली मूळ फाइल जशी आहे तशी राखावी, बदल नेहमी प्रतीवर करावा. नवी प्रत शेवटपर्यंत ऐकून पाहावी आणि मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

या साऱ्याचे मोल काय, हे आपल्याच भागाने पाहिले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या काहींचे सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ त्या ओव्या लोकांपुढे आणत आहे. बहुतेक ओव्यांचे शब्दच कागदावर उरले, गाणारीचा गळा नाही. ज्यांचे मुद्रण झाले त्या मात्र आज आपण ऐकू शकतो.

कॅसेटची चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होते आणि जुना फोन कधी बंद पडेल याचा नेम नसतो. गावच्या वाचनालयातला किंवा शाळेतला एक संगणक, एक तार आणि शिकलेली दोन मुले एवढ्यावर हे काम होऊ शकते. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी ते या सुट्टीतच हाती घ्यावे. जमीन कारखान्यांना गेली, जाती अडगळीत गेली. निदान आवाज तरी आपल्या निष्काळजीपणाने जाऊ नयेत.