उसन्या अंकाचे पुरोगामी

डाव्या विचाराचे छोटे स्वतंत्र नियतकालिक सरकारच्या वरवंट्याखाली मरते, असा समज टिळकवाडीतील सुशिक्षित घरांत आढळतो. आम्हांस तो मान्य नाही. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक काढले. दोन वर्षे होण्याआधीच गुरुजी गेले, 'साधना' टिकले. १९७५ च्या आणीबाणीत सरकारची वक्रदृष्टी त्याच्यावर वळली; तरी टिकले. २० ऑगस्ट २०१३ रोजी संपादक नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. तरीही अंक निघतच राहिला. दंडुका आणि गोळी जे करू शकली नाही, ते रिकामी तिजोरी करते. डॉ. आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेले 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये बंद पडले, ते द्रव्याअभावी.

परंतु त्याचा वाचक खरोखरच निर्धन होता. आमच्या टिळकवाडीकरांची सबब कोणती? एक अंक दहा घरी फिरतो, दहाही घरे त्याची वाहवा करतात आणि वर्गणी एकच घर भरते! कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च वाहवेने भागतो काय? मग संपादकाने जाहिरातदाराचे दार ठोठवावे, आणि त्याच दाराशी आपली लेखणी गहाण टाकावी! नंतर 'पत्र विकले गेले' म्हणून ओरड करणारेही हेच उसनवारीचे वाचक!

वाचकहो, आधी वर्गणी भरा. मग संपादकाचे खुशाल वाभाडे काढा. तो अधिकार वर्गणीदाराचा आहे.