जुन्यांची पत

नव्वदच्या दशकात आठवीच्या वर्गात मुलांकडून मी एक वस्तू नेमाने जप्त करायचे. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची ट्रम्प कार्डं! माझ्या कपाटात त्यांचा गठ्ठाच साठला होता. "सगळं खोटं असतं रे ते," असं म्हणून मी धडा पुढे सुरू करायचे.

आता नातू सुट्टीत आला की तेच पैलवान माझ्या दिवाणखान्यात घुमत असतात. (कंपनीचं नाव २००२ पासून डब्ल्यूडब्ल्यूई झालं, एवढाच फरक.) निकाल आधीच ठरलेला, मग बघायचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "अगं आजी, नाटकाचा शेवट नटांना माहीत नसतो का?" चूप बसले आणि शेजारी बसून बघू लागले.

बघता बघता एक प्रश्न पडला. निकाल जर ठरवूनच लावायचा, तर नवा नायक तयार करणं सोपंच की! द्या त्याला जिंकून. पण तसं होत नाही. शिकवायला त्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेत ऑरलँडोला प्रशिक्षण केंद्र काढलं आहे. तिथे पडायचं कसं, बोलायचं कसं, सगळं शिकवतात. तरी मुख्य लढतीचा मानकरी तिथे तयार होत नाही. माझं मत असं, की जुना मोठा माणूस स्वतःची पत नव्यासाठी खर्च करतो आणि लोक त्या नव्याला मनापासून पत्करतात, तेव्हाच तो घडतो.

नातवाने मला १९९७ ची शिकागोची लढत दाखवली. ब्रेट हार्ट तेव्हा लोकांचा लाडका आणि स्टीव्ह ऑस्टिन खलनायक. ऑस्टिन हार्टच्या पेचात अडकला, चेहरा रक्ताने माखला, पण 'सोडा' म्हणाला नाही. शेवटी शुद्धच हरपली. लढत हार्टने जिंकली. पण नंतरही तो पडलेल्याला मारत राहिला, तेव्हा लोक त्याच्यावरच उलटले. ऑस्टिन धडपडत, कोणाचा आधार न घेता बाहेर निघाला आणि टाळ्या त्याला मिळाल्या. वर्षभराने, १९९८ मध्ये, तो विजेता झाला. हरून मोठा झालेला माणूस! आणि जिंकून लोकांच्या मनातून उतरण्याची भूमिका हार्टने पत्करली, म्हणून हे घडलं.

आता उलट उदाहरण. २०१५ मध्ये फिलाडेल्फियात रोमन रेन्सला मोठी स्पर्धा जिंकून दिली. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. कंपनी मात्र वर्षानुवर्षं त्यालाच पुढे रेटत राहिली. २०२० मध्ये त्याला खलनायक केलं, तेव्हा कुठे तो लोकांच्या गळी उतरला. मग १,३१६ दिवस त्याने किताब राखला आणि २०२४ मध्ये त्याच फिलाडेल्फियात तो कोडी रोड्सकडून हरला. एवढे दिवस साठवलेली पत एका रात्रीत दुसऱ्याच्या पदरात पडली.

पत चुकीच्या जागीही खर्च होते. रेसलमेनियात सलग २१ वेळा जिंकलेला अंडरटेकर २०१४ मध्ये हरला तो ब्रॉक लेस्नरकडून, जो आधीच बडा होता. भरल्या हंड्यात घागर ओतल्यासारखं झालं. एखाद्या होतकरूचं आयुष्य त्यात उभं राहिलं असतं.

१३ डिसेंबर २०२५ ला जॉन सीनाची शेवटची लढत झाली. 'हार मानू नका' हे ज्याचं ब्रीद, त्याने गुंथरपुढे हात आपटून हार मानली. प्रेक्षक चिडले, आमचा नातूही रुसला. मला मात्र ते फार योग्य वाटलं. गुंथर आधी विजेता झालेला होता, पण सीनाच्या पंक्तीला बसला नव्हता. जाणाऱ्याने जाताना पाट रिकामा करून द्यायचा असतो.

हे मी आज म्हणते आहे. शाळेत स्नेहसंमेलनाचं नाटक अठरा वर्षं मीच बसवलं. एका तरुण शिक्षिकेने तीनदा विचारलं, "बाई, यंदा मी बसवू का?" तिन्ही वेळा मी म्हटलं, "अजून थोडं बघ, शिक." नाटकं छान झाली, कौतुक माझं झालं. मी निवृत्त झाले त्या वर्षी संमेलनात नाटकच झालं नाही. तेव्हा मला, खोटं कशाला सांगू, मनातून थोडं बरंच वाटलं होतं. आता वाटत नाही.

असो. जप्त केलेली ती कार्डं मात्र कधी परत केली नाहीत. तेव्हाच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर घरी या आणि आपापली घेऊन जा. चहाही मिळेल.