ब्लू-रे घेताना

सुगीचा पैसा हाती आला की घरात मोठा टीव्ही येतो आणि पाठोपाठ मुले ब्लू-रेचा हट्ट धरतात. दुकानाची पायरी चढण्याआधी टीव्हीच्या मागे एचडीएमआयची खाच आहे का ते बघा. नसेल तर साधा डीव्हीडी प्लेअर पुरे.

डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावते, ब्लू-रेच्या थरात २५. तिचा निळसर-जांभळा किरण डीव्हीडीच्या तांबड्या किरणापेक्षा बारीक खुणा वाचतो, म्हणून चित्र स्वच्छ दिसते. ब्लू-रेचे यंत्र डीव्हीडीही लावते. पण लग्नाची जुनी डीव्हीडी त्यावर नव्याने उजळेल ही आशा नको. खोक्यावर ‘फोर-के अपस्केलिंग’ लिहिले असले, तरी तेवढ्याने फोर-केच्या तबकड्या चालत नाहीत.

कोणी नातलग अमेरिकेतून यंत्र आणतो म्हणाला, तर आधी त्याच्या पाठीवरचा आकडा विचारा. १००–२४० व्होल्ट असेल तर ठीक. नुसता १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टांत ते जळेल. शिवाय तिकडचा विभाग ‘ए’, आपला ‘सी’. विभागाचे कुलूप असलेल्या आपल्याकडच्या तबकड्या त्यावर लागत नाहीत.

जुने घ्यायचे तर आपली तबकडी बरोबर न्या आणि पाच मिनिटांत उठू नका. सुरुवात, मध्य, शेवट, तिन्ही ठिकाणी लावून पाहा. भिंग थकलेले यंत्र मध्येच अडते. रिमोट मात्र हातात पडल्याशिवाय पैसे मोजू नका. बऱ्याच यंत्रांवर चालू-बंद आणि कप्पा उघडायचे एवढेच बटण असते.