सातव्या महिन्याची वाट कशाला?

पालघर तालुक्यातल्या घिवलीसारख्या गावच्या किनाऱ्यावर थंडीत बोंबील वाळत घालताना बघावं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. हात इतके सरावलेले की नजर दुसरीकडे असली तरी जोडी चुकत नाही. हे काम मुख्यतः बायकांचं. नुकतं लग्न होऊन आलेली सूनही त्यात असते आणि दिवस गेलेलीही.

संध्याकाळी घरात ताटं वाढली जातात तेव्हा ही सून शेवटी बसते. माशाच्या तुकड्या आधीच्या ताटांत गेलेल्या असतात, तिच्या वाट्याला कालवणाचा रस्सा आणि भात. घरात कुणाचं मन वाईट असतं म्हणून हे होत नाही. पूर्वापार तसंच चालत आलंय, एवढंच. मग सातवा महिना लागतो आणि चित्र एकदम पालटतं. डोहाळजेवण होतं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, तिच्या आवडीचं सगळं पानात. सोहळा गोडच आहे, तो व्हावाच. पण पोटातल्या बाळाचा हिशेब सहा महिने आधीच सुरू झालेला असतो.

गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली नळी मिटते. तोवर अनेकींना पाळी चुकल्याचंही नीट लक्षात आलेलं नसतं. ही नळी नीट मिटण्यासाठी फॉलिक ॲसिड लागतं आणि ते आईच्या शरीरात आधीपासून असावं लागतं.

या फॉलिक ॲसिडचा शोध मुंबईतून सुरू झाला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त भयंकर कमी का होतं, याचा तिने शोध घेतला. त्या काय खातात हे पाहिलं. यीस्टचा अर्क दिल्यावर त्यांचं रक्त सुधारतं, हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलेट. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याला नाव मिळालं. शेवग्याचा पाला, माठ, मेथी यांत तोच आहे. आज बोईसर-तारापूरच्या उपकेंद्रात फुकट मिळणारी गोळी गिरणीतल्या त्या बायकांची देणगी आहे.

त्याच मुंबईत २००६ ते २०१२ या काळात झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. ६,५१३ बायकांनी त्यात नाव नोंदवलं, तेही दिवस जाण्याआधी. निम्म्या जणींना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला, उरलेल्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. पालेभाजी-दुधाचा खाऊ खाणाऱ्यांमध्ये गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण ७.३ टक्के निघालं, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. दिवस जाण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी तो खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त भरलं. फार हडकुळ्या बायकांच्या बाळांत मात्र हा फरक दिसला नाही. वर्षानुवर्षांची उपासमार काही महिन्यांच्या खाऊनं भरून निघत नाही, ही त्यातली सगळ्यात बोचरी बाब.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. लोहाच्या १८० गोळ्या मोफत मिळतात, पण गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतली की तिचा बराचसा उपयोग वाया जातो. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा तासाभराने. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून गोळ्या बंद करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. ते काळं होणं साधं आहे, हे एवढं एक वाक्य त्यांना वेळेवर कुणी सांगायला हवं.

आता मासळी. मांदेली, तारली, करंदी, बोंबील ही लहान, थोडं जगणारी मासळी गरोदरपणी उत्तम, फक्त नीट शिजवलेली हवी. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुका जवळा आणि बोंबील हाच प्रथिनांचा आधार, वाळू-खार निघेपर्यंत धुऊन घेतलेला. मोठी मुशी, मोठा कुपा मात्र टाळावा, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो. जपानच्या मिनामातामध्ये १९५६ साली उघडकीला आलेल्या पाऱ्याच्या विषबाधेत फारसा त्रास न झालेल्या आयांच्या पोटीही मेंदूची इजा झालेली मुलं जन्मली. इथे किनाऱ्यालगतच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ती देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली होती. मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये हा प्रश्न घेऊन राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. गरोदर बाईनं मासळी कितीही धुतली तरी आत मुरलेला धातू धुतला जात नाही. नवापूर ते सातपाटी इथल्या मासळीची ठराविक काळाने तपासणी व्हावी आणि तिचे आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. हे मागणं अवाजवी नाही. तोवर सांडपाण्याच्या मुखाजवळच्या कालवं-शिंपल्या गरोदरपणी नकोतच.

पिकलेली पपई चालते, कच्ची नको. पहाटेची नीरा उन्हं चढेपर्यंत ताडी होते आणि मद्याचं सुरक्षित असं प्रमाण गरोदरपणात नाही. मशेरीतली तंबाखूही बाळापर्यंत पोचते. ‘जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, सुटका अवघड जाईल’ या भीतीने सुनेचा घास कमी करणाऱ्या सासूबाईंना आशाताईनं शांतपणे समजवावं. त्या मायेपोटीच बोलत असतात.

राज्यानं २०१५ मध्ये अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. अंगणवाडीत गरोदर बाईला भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं असं गरम चौरस जेवण मिळतं. योजना चांगली, पण पालघर तालुक्यातली १४४ गावंच या क्षेत्रात येतात. बाकीच्या गावांतल्या आणि बोईसरच्या चाळींत परप्रांतातून येऊन राहिलेल्या बायकांचं काय? आणि हे ताट मिळतं ते दिवस गेल्याची नोंद झाल्यावर. नोंद लग्नाची व्हावी. नवी सून गावात आली की त्याच महिन्यात आशाताईनं तिचं हिमोग्लोबिन तपासावं, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या हातात द्याव्यात, आणि अंगणवाडीतल्या पंगतीत तिचंही पान मांडलं जावं. घरी कालवण वाढताना पहिली तुकडी तिच्या पानात पडली, तर त्यासाठी कुठल्याही सरकारी आदेशाची गरज लागणार नाही.