तळ्याकाठची सायकल आणि शेतातून जाणारी वाट



आज खत, बियाणे, फवारणी यांतले काही सांगणार नाही. आज सायकल काढायची आहे आणि तीही थेट आयर्लंड देशात. तिकिटाचा खर्च नाही. ओट्यावर बसा, घरातल्या शाळकरी पोराला नकाशाचे पुस्तक आणायला सांगा आणि इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात जे बेट दिसते त्यावर बोट ठेवा.

सायकलचा विषय निघाला की पहिला मान जनावरांच्या डॉक्टरला द्यावा लागतो. ज्या टायरमध्ये आपण पंपाने हवा भरतो, तो टायर चालता केला जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने. जन्माने स्कॉटलंडचा, पण व्यवसाय बेलफास्टला, म्हणजे या बेटाच्या उत्तर भागात. पोराची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर हाडे खिळखिळी करते, म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर चढवली आणि १८८८ साली पेटंट घेतले. तशीच कल्पना आणखी एकाने चाळीसएक वर्षे आधी मांडली होती, पण ती मागे पडली. आज तुमची टायरगाडी उसाच्या फडातून भार घेऊन निघते, तेव्हा त्या गुरांच्या डॉक्टरचीही आठवण काढायला हरकत नाही.

आता वाट धरू. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो आणि गॉलवे असे दोन परगणे लागून आहेत. त्यांच्या शिवेवर दोन मोठी नैसर्गिक तळी आहेत. वरचे मास्क, खालचे कॉरिब. मास्क ऐंशी चौरस किलोमीटरांहून मोठे, म्हणजे आपल्या पैठणच्या नाथसागराच्या साधारण पाव हिश्शाएवढे. कॉरिब त्याच्या दुपटीहून अधिक. मास्कच्या भोवतीने जो रस्ता फिरतो तो साठ-सत्तर किलोमीटरचा. पाय चालते असले तर एका दिवसाचा, नसले तर मध्ये मुक्काम करून दोन दिवसांचा. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या हाताने चालतात, त्यामुळे तेवढी गोंधळायची भीती नाही.

सुरुवात काँग या लहानशा गावापासून करू. दोन तळ्यांमध्ये जी जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावर हे गाव वसले आहे. इथे जुन्या मठाचे भग्न अवशेष आहेत, लोक ते पाहायला येतात. मी मात्र तुम्हाला एक कोरडा कालवा दाखवणार आहे.

१८४५ पासून आयर्लंडात बटाट्यावर करपा आला. गरिबाचे पोट त्या एका पिकावर होते. पीक सडले आणि लाखो माणसे उपासमारीने आणि रोगराईने गेली, लाखो देश सोडून गेली. अशा काळात दुष्काळी काम म्हणून १८४८ साली हा कालवा खणायला घेतला. मास्क आणि कॉरिब जोडायचे, म्हणजे बोटी वरपर्यंत जातील, असा बेत होता. माणसांनी पहारी-घमेली घेऊन दगड फोडला, घडीव दगडाचे दरवाजे बांधले. पण खालचा खडक चुनखडीचा, भेगाभेगांचा. पाणी धरेना. मास्कचे पाणी मुळातच जमिनीखालच्या विवरांतून काँगला झऱ्यांच्या रूपाने वर येते आणि कॉरिबला मिळते, मग ते कालव्यात कशाला थांबेल? १८५४ साली काम सोडून दिले. आजही उन्हाळ्यात तिथे बांधीव दरवाजे उभे दिसतात आणि तळाशी पाण्याऐवजी गवत.

पाझर तलाव खणताना आपण ज्या जागेवर खूश होतो, तीच जागा कालव्याला मारक. आधी खडक पाहावा, मग कुदळ मारावी. हे काम केवळ खडकानेच बुडवले असे नव्हे. तोवर आगगाडीही येऊ लागली होती आणि बोटींची गरज कमी होत चालली होती. पण ज्या मजुरांनी खणले त्यांना त्या दिवसांत चार पैसे मिळाले, हेही तितकेच खरे. रोजगार हमीवर राबलेल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

काँगहून पश्चिमेला क्लोनबर, तिथून फिनी. इथे चढ लागतो. एका हाताला डोंगर, एका हाताला पाणी. डोंगरउतारावर मेंढरे, त्यांच्या लोकरीवर मालकाची रंगाची खूण. जमीन हलकी, दगडाळ. शेतातले दगड वेचून त्यांचेच गडगे घातलेले, मातीचा किंवा चुन्याचा थेंब न वापरता. कोकणातल्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. पिके थोडी, गवत फार. पाऊस बाराही महिने रिमझिमत असतो म्हणून गवत वाळवून ठेवणे अवघड. ते कापून, दाबून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मुरवतात. आपण ज्याला मुरघास म्हणतो तेच. शेताच्या कोपऱ्यात काळे गोल गठ्ठे दिसले की समजावे, हिवाळ्याची बेगमी झाली.

रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर सायकल गडग्याला टेकवून उभे राहावे. अशा वाटेला तिकडे ‘बोरीन’ म्हणतात. मूळ आयरिश शब्द ‘बोहर’, म्हणजे रस्ता; त्याच्या पोटात ‘बो’ आहे, आणि ‘बो’ म्हणजे गाय. गायीने पायाखाली घातलेली ती वाट. आणखी एक गंमत ऐका. आयरिश ‘बो’ आणि आपला ‘गो’ हे एकाच जुन्या शब्दाचे दोन नातू आहेत, असे भाषापंडित सांगतात. आपली पाणंद आणि त्यांची बोरीन, दोन्ही गुरांच्याच मागे चालत आलेल्या.

पुढे टूरमाकेडी गाव येते. हा आयरिश बोलणाऱ्यांचा टापू, रस्त्यावरच्या पाट्याही त्याच भाषेत. मुक्कामाला शेतकऱ्याचे घर मिळते. एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी राखून सकाळची न्याहारी द्यायची, असा हा जोडधंदा आयर्लंडच्या खेड्यांतून जुना आहे आणि तो बहुतेक घरची बाईच सांभाळते. भगिनींनो, त्यांच्या न्याहारीची भाकरी तुम्हाला करून पाहता येईल. गव्हाचे पीठ, मीठ, खाण्याचा सोडा आणि ताक. यीस्ट नाही, आंबवणे नाही. ताकाचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की पीठ फुगते. वर सुरीने फुलीसारखी चीर देऊन भाजायचे. फार मळू नका, नाहीतर चिवट होते.

पार्ट्री ओलांडले की हमरस्ता लागतो, गाड्या भरधाव असतात, तेवढे अंतर सांभाळून काढावे. इथेच मास्कच्या शेजारी कारा नावाचे उथळ तळे आहे. चुन्यामुळे त्याचे पाणी फिकट हिरवे, काचेसारखे दिसायचे. शेतातली खते आणि शेणकाला वाहून आल्याने ते बिघडत गेले, आणि आता युरोपीय संघाच्या पैशातून, आसपासच्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन, ते सुधारण्याचे काम चालले आहे. आयर्लंडात ऑक्टोबर ते जानेवारीच्या दिवसांत शेतात शेणकाला फेकायला कायद्याने बंदी असते, कारण त्या दिवसांत गवत खत उचलत नाही आणि पाऊस ते ओढ्यात नेतो. ओल्या रानात युरिया फेकून वर आभाळाकडे पाहणाऱ्या आपल्या बांधवांनी यातले मर्म ध्यानी घ्यावे.

मग बॅलिनरोब. बाजाराचे गाव. तिथून दक्षिणेला नील नावाच्या खेड्याकडे निघालो की तळ्याच्या बाजूला एक वाडा आहे, मास्क तळ्याच्याच नावाचा. त्यात १८८० साली कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट राहत होता. लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो कारभारी. आधीचे, १८७९ चे साल वाईट गेले होते, कुळांनी खंडात चौथाई सूट मागितली, जमीनदार दहावा हिस्सा सोडायला तयार झाला. वाद चिघळला, बॉयकॉटने कुळांवर जमीन सोडण्याच्या नोटिसा काढल्या. तेव्हा गावाने काय केले? काठी उचलली नाही. मजूर कामावर जाईनात, दुकानदार माल देईना, लोहार नाल ठोकेना, टपालवाला पोरगा टपाल नेईना. पीक रानात उभे राहिले. अखेर कॅव्हन आणि मोनाहान या परगण्यांतून पन्नास माणसे पीक काढायला आली आणि त्यांच्या राखणीला हजाराच्या आसपास शिपाई! पाचशे पौंडांचे बटाटे, सलगम आणि धान्य काढायला सरकारचा खर्च दहा हजार पौंडांच्या घरात गेला. नीलच्या पाद्र्याने, फादर ओमॅली यांनी, या उपायाला बॉयकॉटचेच नाव देण्याची सूचना केली, कारण आधीचा शब्द खेडुतांच्या तोंडी बसेना. तो शब्द जगभर गेला. आपल्याकडे लोकमान्य टिळकांनी स्वदेशीबरोबर ‘बहिष्कार’ हे एक सूत्र धरले, त्याचा इंग्रजी अवतार म्हणजे या कारभाऱ्याचे आडनाव.

शब्द त्यांचा असेल, पण रीत आपल्यालाही नवी नव्हती. बॅलिनरोबच्या आधी पाच-सहा वर्षे, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावच्या शेतकऱ्यांनी सावकाराशी व्यवहार तोडला होता. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कर्जखते जाळली गेली. तिकडे मेयोत शेतकऱ्यांची जमीन-संघटना उभी राहिली ते साल १८७९, आणि आपल्याकडे दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला तेही १८७९. आयर्लंडच्या कुळांना जमीन विकत घेता यावी म्हणून पुढे कायदे झाले, त्यातला मोठा १९०३ चा. त्यानंतर तिथला शेतकरी हळूहळू स्वतःच्या बांधाचा धनी झाला.

हे सगळे सांगितले त्याला कारण आहे. ज्या लोकांनी जमीन अशी मिळवली, त्यांच्या रानातून सायकलचा रस्ता काढायचा म्हटले की काय होते, ते आता पाहा.

बॅलिनरोबहून वायव्येला तीसएक किलोमीटरवर, मेयोतच, वेस्टपोर्ट गाव आहे. तिथून अ‍ॅकिलपर्यंत पूर्वी आगगाडी जात होती, ती १९३७ साली बंद पडली. रूळ उखडले आणि पट्टी शेतांत मिसळून गेली. २०१० आणि २०११ साली त्याच पट्टीवर ४२ किलोमीटरचा फक्त सायकलींचा आणि पायी चालणाऱ्यांचा मार्ग झाला. जमीन सक्तीने घेतली नाही. शेतकऱ्यांनी जाण्या-येण्याची परवानगी दिली, मालकी त्यांच्याकडेच राहिली. कुंपणे आणि गुरांना ओलांडायची फाटके घालण्यात आली. न्यूपोर्ट, मलरॅनी अशा आडगावांत सायकली भाड्याने देणारे, चहा-फराळाची दुकाने, राहायची घरे यांना गिऱ्हाईक आले.

याउलट दुसरे उदाहरण. देशाच्या मध्यावरच्या अ‍ॅथलोन शहरापासून मुलिंगारपर्यंत बंद लोहमार्गावर २०१५ साली सायकलमार्ग झाला. ती जमीन रेल्वेचीच होती, भांडण नव्हते. पण त्याच सुमारास अ‍ॅथलोनहून पश्चिमेला गॉलवेकडे जो मार्ग न्यायचा होता, तो चालत्या शेतांतून होता. शेत दुभंगेल, दूध काढायला गायी पलीकडे न्यायच्या कशा, कुणी पडला तर दावा कुणावर, असे प्रश्न निघाले. सक्तीने जमीन घेण्याची भीतीही होती. २०१५ सालीच सरकारने ते काम थांबवले. पुढे नव्याने बोलणी सुरू झाली, दक्षिणेकडून पोर्टुम्ना, गॉर्ट, किनव्हारा या गावांवरून वेगळी वाट आखली गेली. २०२३ साली अ‍ॅथलोनला शॅनन नदीवर सायकलींचा पूलही झाला. मधल्या काळात, २०२१ च्या अखेरीस, अशा मार्गांसाठी सरकारने एक नियमावली काढली. शक्यतो सरकारी जमिनीवरून जावे, खासगी जमीन लागली तर वाट बांधाच्या कडेने न्यावी, मालकाशी आधी बसून बोलावे, आणि बोलायला शेती जाणणारा माणूस नेमावा, असे त्यात आहे.

तो शेवटचा मुद्दा मला फार पटला. रस्त्याची आखणी करणाऱ्याला नकाशावर रेघ दिसते. तिथे वासरांचा गोठा आहे की विहिरीची पाइपलाइन, ते दिसत नाही. आपल्याकडेही शिवरस्त्यावरून तहसील कचेरीत वर्षानुवर्षे खेटे घालणारी घरे मी नोकरीत पुष्कळ पाहिली.

तुमच्या रानातून, मग तो धरणाकाठ असो की गडाचा पायथा, उद्या पर्यटनाची वाट मागायला कुणी आला तर एकदम नाही म्हणू नका आणि एकदम अंगठाही देऊ नका. परवानगी किती वर्षांची, हे कागदावर घ्या. सातबाऱ्यावर त्याची नोंद होणार का, विचारा. कुंपण आणि फाटक कोण घालणार, दुरुस्ती कोण करणार, अपघात झाला तर भरपाई कोणाची, वाटसरूंची कुत्री मोकळी सुटणार का, पावसाळ्यात वाटेचे पाणी कुणाच्या पिकात उतरणार, हे विचारा. आणि फवारणीच्या दिवशी वाट बंद ठेवता येईल का, तेही त्याच कागदात लिहून घ्या.