लँथॅनमला घाबरा, पण हिशेबाने

पिण्याच्या पाण्यातले फ्लोराइड काढायला लँथॅनम वापरणे म्हणजे गावाला अणुभट्टीचे पाणी पाजणे, असे एका जलतज्ज्ञांनी नागपुरातल्या व्याख्यानात नुकतेच ठणकावले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: लँथॅनमसारख्या दुर्मिळ मृदा किरणोत्सारी, त्यांचे क्षार विषारी, माल चीनचा, तेव्हा आपली तुरटीच बरी. टाळ्या पडल्या. टाळ्यांना रसायनशास्त्र लागत नाही.

किरणोत्साराचे आधी उरकू. तो लँथॅनम ज्यातून काढतात त्या मोनाझाइट वाळूतल्या थोरियमचा. शुद्ध लँथॅनमचा नगण्य. चीनचा मुद्दा व्यापार खात्याकडे पाठवावा.

खरी गोम आहे ती ‘क्षार विषारी’ या सरसकट फतव्यात. अहो, कोणता क्षार? लँथॅनम क्लोराइडची बाटली उघडी राहिली की पांढरे खडे हवेतला ओलावा पिऊन चिकटतात. पाण्यात ते सहज विरघळतात, डोळ्यांत गेले तर इजा करतात, तळ्यात सांडले तर पाण्यातल्या बारीक जिवांवर उठतात. हे सगळे कबूल. पण तेच द्रावण फ्लोराइडच्या द्रावणात ओतले की पांढरा साका धरतो. तो लँथॅनम फ्लोराइड, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा. आणि लँथॅनम कार्बोनेट तर मूत्रपिंडाच्या रुग्णांना चघळायच्या गोळीतून देतात. अमेरिकेत त्याला 2004 मध्ये मान्यता मिळाली. तो अन्नातले फॉस्फेट आतड्यातच धरून ठेवतो, रक्तात जेमतेम उतरतो. बेरियमचेही तेच: कार्बोनेट उंदीर मारते, सल्फेट क्ष-किरण तपासणीआधी पेलाभर पाजतात. आयोडीनयुक्त मिठाच्या वेळीही ‘रसायन, रसायन’ अशी हाकाटी झाली होती. ओरडणाऱ्यांच्या वरणात आज तेच मीठ असते.

तुरटीचा अभिमान मलाही आहे. चुना-तुरटीची नलगोंडा पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनेच विकसित केली. पण फ्लोराइड जास्त तितकी तुरटी जास्त. मग गाळाचे ढीग आणि पाण्यात उरणारे ॲल्युमिनियम. त्यावर व्याख्यानात चकार शब्द नाही. त्याच नीरीत कायटोसन या जैविक पदार्थाच्या मण्यांत लँथॅनम बसवून फ्लोराइड शोषण्याचे प्रयोग झाले. म्हणजे क्षार पाण्यात ढवळायचा नाही, मण्यांत बांधून ठेवायचा.

माझी मागणी साधी आहे. गाळलेल्या पाण्यात लँथॅनम किती झिरपते ते नियमित मोजा, वापरलेले मणी नाल्यात जाऊ देऊ नका, भुकटी हाताळणाऱ्या कामगाराला चष्मा आणि मुखपट्टी द्या. चंद्रपूर-यवतमाळकडे जिथे बोअरचे पाणी लिटरला दीड मिलिग्रॅम फ्लोराइडची मर्यादा ओलांडते, तिथे पोरांच्या दातांवर डाग आजच पडताहेत. आक्षेप जरूर घ्या. फक्त येताना आकडा घेऊन या.