शेवटचा भिडू

मेंढीकोट खेळलायत ना? मग पोकरचा अर्धा फंडा तुम्ही मे महिन्याच्या सुट्टीत आजोळीच शिकलायत. ज्याचं पान शेवटी, तो राजा! आधीच्या तिघांची पानं समोर पडलेली. जोडीदाराचा हात होत असेल तर मेंढी टाका, नाहीतर दुर्री. टेक्सास होल्डेममध्ये या शेवटच्या भिडूच्या जागेला म्हणतात ‘बटन’. फरक एवढाच, की मेंढीकोटात हा मान दर हाताला फिरतो; इथे फ्लॉप, टर्न आणि रिव्हर या तिन्ही फेऱ्यांत बटनवालाच शेवटी बोलतो.

आमच्या शनिवारच्या कट्ट्यावर (पैसे नाहीत, फक्त चिप्स!) एक गोष्ट हमखास दिसते. बटन मिळालं की मंडळी अंगात आल्यासारखी बेट मारत सुटतात. बाकीचे ‘चेक’ म्हणाले ना, मग पॉट आपलाच! याच मस्तीत आमच्यातल्या एकाने काही वर्षांपूर्वी मोबाइलवर अख्खा पगार घालवला आणि त्या महिन्याचं घरभाडं मित्रांकडून उसनं घेतलं. बॉस, शेवटची खुर्ची म्हणजे दादागिरीचं लायसन्स नाही. ती फुकटात मिळालेली बातमी आहे. आधी वाचायची, मग बोलायचं.

उदाहरण घ्या. तुमच्या हातात बदामचा एक्का आणि गुलाम. फ्लॉपवर बदाम राजा, बदाम चव्वी, किल्वर नव्वी. पॉटमध्ये ३०० चिप्स. पुढचे दोघंही चेक करून गप्प. आता रस्ते दोन.

पहिला, १५० ची बेट. दर तीन वेळांत एकापेक्षा जास्त वेळा दोघंही पत्ते टाकणार असतील, तर हातात काही नसतानाही हा सौदा फायद्याचा. वर फ्लशची आशा आहेच.

दुसरा, तुम्हीही चेक. न दिसलेल्या ४७ पानांत बदामची ९ उरलीत. म्हणजे टर्नवरच फ्लश लागायची शक्यता साधारण १९ टक्के, टर्न आणि रिव्हर मिळून ३५. आणि टर्नचं पान बघायचा खर्च? शून्य!

कुठला रस्ता घ्यायचा, हे समोरची माणसं सांगतात. दोघंही पटकन माघार घेणारे असतील तर बेट. त्यातला एक जरी पॉटमध्ये उतरल्यावर काही केल्या बाहेर न पडणारा असेल, तर त्याला ब्लफ मारणं म्हणजे चिप्स दान करणं; गुपचूप चेक करा. एक्का-गुलामाऐवजी नव्व्यांची साधी जोडी असेल तरीही अनेकदा चेकच बरा. पॉट छोटा राहतो, आणि चेक करून दबा धरून बसलेल्याला रेज मारायची संधी मिळत नाही.

पटत नाही? नॉर्वेच्या अ‍ॅनेट ओब्रेस्टॅडने २००७ मध्ये १८० जणांची एक ऑनलाइन टूर्नामेंट स्वतःचे पत्ते झाकून ठेवून जिंकली. तिच्या सांगण्यानुसार अख्ख्या टूर्नामेंटमध्ये ती फक्त एकदाच पत्त्यांकडे डोकावली. मग खेळली कशावर? कोण कुठे बसलंय आणि कसं खेळतंय, यावर! त्याच वर्षी लंडनमध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोपची मुख्य स्पर्धाही तिने मारली. वय वर्षं १८.

आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली. तेव्हा हे सगळे प्रयोग मित्राच्या हॉलमध्ये, चिप्सवरच करायचे. सुरुवात या शनिवारपासून करा. बटन तुमच्याकडे आलं, की फ्लॉप उघडताना पानांकडे बघू नका, चेहऱ्यांकडे बघा. पानं काय, कुठे पळून जात नाहीत!